पेटला नाही, बरं झालं

नरक चतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरात पुरुषमाणसाकडे एकच काम असतं, ते म्हणजे पाणी तापवणं. बाकीचं सगळं, तेल, उटणं, कारीट, रांगोळी, फराळ, बायकांनी आधीच उरकलेलं असतं. २०२३ सालच्या १२ नोव्हेंबरला पहाटे साडेचार वाजता ते एवढंसं कामही मला जमेना. न्हाणीघरातला गॅस गिझर पेटायला तयार नव्हता.

नळ सोडला की 'टक् टक् टक्' असा ठिणगीचा आवाज यायचा आणि काही क्षणांनी थांबायचा. पाणी मात्र थंडगार. बेळगावची त्या दिवसांतली पहाट ज्यांनी अनुभवली आहे त्यांना जास्त सांगायला नको. नातू अंगाला तेल चोपडून, पंचा गुंडाळून दारात कुडकुडत उभा होता. "आजोबा, झालं का?" हे त्याचं पालुपद चालूच होतं.

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेलं. त्यामुळे मेकॅनिकची वाट न बघता मी पद्धतशीर शोधाला लागलो. या यंत्राचं काम तसं साधं असतं. नळ सोडला की पाण्याच्या दाबानं आतला रबरी पडदा सरकतो, त्याच्या रेट्यानं एक बटण दाबलं जातं, मग सेलच्या जोरावर ठिणग्या उडतात आणि गॅसची झडप उघडते. थोड्या वेळात ज्योत दिसली नाही तर झडप आपोआप मिटते. म्हणजे पाणी, सेल आणि गॅस, तिघांपैकी कोणीतरी दगा देत असणार.

सिलिंडर हलवून पाहिला, चांगला जड होता. टॉर्चमधले दोन मोठे सेल काढून गिझरला घातले, आवाज जरा जोरात आला इतकंच. पाण्याच्या नळीतली जाळी काढली. तिच्यात टाकीतली चिमूटभर वाळू निघाली. धुऊन परत बसवली. 'टक् टक् टक्'. पुन्हा नळ बंद, पुन्हा सुरू. असं आठ-दहा वेळा केलं असेल.

"अहो, पुरे करा. वास यायला लागलाय," ही स्वयंपाकघरातून म्हणाली.

तेव्हा कुठे भानावर आलो. न पेटलेला गॅस दर वेळी थोडा थोडा बाहेर येतच होता. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो वर उडून जात नाही, जमिनीलगत साचून राहतो. सिलिंडर बंद केला, दार सताड उघडलं. शेवटी शेगडीवर दोन पातेली चढवली आणि एकेकाला दोन-दोन तांबे कढत पाणी विसणून दिलं. आईच्या वेळचा तांब्याचा बंब मात्र दिवाणखान्यात चिंचेनं लख्ख घासून, झेंडूची फुलं ल्यायलेला उभा होता. "तो बिचारा कधी पेटायचा राहिला नाही हो," ही म्हणाली. मी ऐकलं न ऐकलंसं केलं.

दिवाळीत मेकॅनिक मिळणं कठीण. तो आला भाऊबीज झाल्यावर, गुरुवारी. कन्नड मुलखातला पोरगेला गडी, आपल्या बेळगावी मराठीत छान बोलणारा. त्यानं पुढचं झाकण उतरवलं आणि काही न बोलता मला हातानं जवळ बोलावलं. आत काजळीचा थरच्या थर. बर्नरच्या नळ्यांच्या तोंडाशी कोळ्यांची जाळी, आणि दोन नळ्यांत कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं.

त्यानं सारी साखळी उलगडून सांगितली. नळ्यांची तोंडं बुजल्यामुळे गॅसमध्ये हवा नीट मिसळत नव्हती. म्हणून ज्योत निळी न राहता पिवळी झाली. पिवळ्या ज्योतीनं काजळी धरली. ती ठिणगीच्या सळीवर चढली आणि ठिणगी बर्नरवर न पडता भलतीकडेच उतरू लागली. म्हणून आवाज यायचा, पण जाळ धरत नव्हता.

मग त्यानं मान वर करून झरोक्याकडे पाहिलं. "ह्ये पुठ्ठा कुणी लावलं, सर?"

पुठ्ठा मीच लावला होता. २०२२ च्या पावसाळ्यात झड आत येते म्हणून. पावसाळा सरला तरी पुठ्ठा तसाच राहिला. थंडीत न्हाणीघर कसं ऊबदार राहतं, म्हणून मी माझ्या कारागिरीचं कौतुकही करून घेतलं होतं.

"बेंकीगू गाळी बेक्री, सर," तो म्हणाला. विस्तवालाही हवा लागते. एवढं बोलून त्यानं हलकेच विचारलं, "घरात कुणाला आंगोळ करून चक्कर, डोकंदुखी असलं काय होतंय काय?"

मी हिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

ऑगस्टपासून ती सांगत होती. न्हाऊन आले की डोकं जड होतं, मळमळतं. केस धुवायच्या दिवशी तिला जास्त वेळ लागतो, त्या दिवशी हमखास. एकदा तर न्हाणीघराच्या उंबऱ्यावरच मटकन बसली होती. "ताईकडे आठ दिवस होते तेव्हा एकदाही नाही झालं," असंही म्हणाली होती. त्यावर मी काय म्हणालो? "माहेरी गेल्यावर कुणाचं डोकं दुखतं?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसलो होतो. डॉक्टरांकडे नेलं, रक्तदाब ठीक निघाला. गिझरचं आम्ही सांगितलं नाही, मग त्यांना तरी कसं कळावं? वयानं होतं असं, म्हणून मी विषय मिटवला.

हवा अपुरी पडली की जळणातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवतं. स्वयंपाकाच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो, गळती कळावी म्हणून. या विषाला ना वास, ना रंग. माणसाला नुसती गुंगी येते आणि आतून कडी लावलेली असते. मेणबत्तीवर पेला उपडा घालून ती विझताना मी किती वर्गांना दाखवली, त्याचा हिशेब नाही. आणि माझ्याच घरात तो पेला मी माझ्या हातानं उपडा घातला होता, आत माझी बायको असताना.

लंडनच्या बेंजामिन मॉघननं १८६८ साली असा पहिला बंब काढला आणि आइसलंडमधल्या उकळत्या कारंजावरून त्याला 'गिझर' हे नाव दिलं. जळका वायू बाहेर न्यायला त्यालाही नळी नव्हती म्हणतात. दीडशे वर्षांनंतर मी तीच चूक पुठ्ठा लावून केली.

गिझर आता न्हाणीघराबाहेर, मागच्या उघड्या पडवीत टांगला आहे. आत फक्त गरम पाण्याची नळी येते. दर दिवाळीआधी तो उघडून साफ करून घेतो आणि ज्योत निळी आहे ना, ते स्वतः वाकून पाहतो. पुठ्ठा त्याच दिवशी काढला. झरोक्यातून वारा येतो, पहाटे अंगावर काटा उभा राहतो. हिची डोकेदुखी त्यानंतर आठवडाभरात थांबली ती थांबलीच.

मी तिला म्हणालो, "चुकलं माझं. तू सांगत होतीस."

ती म्हणाली, "मी सांगत होते ते जाऊ दे. तो गिझर बिचारा स्वतः बंद पडला, म्हणून तुम्ही ऐकलंत."

ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगाला बसण्याआधी आपापल्या न्हाणीघराचा झरोका एकदा पाहून घ्या, एवढंच वाचकांना सांगायचं होतं. आणि घरातलं कुणी डोकं दुखतंय म्हणालं, तर आधी ऐकून घ्या. विनोद मागाहून करता येतो.