निळूची पिसे

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा विद्यालयातील अध्यापनाच्या आठवणी लिहाव्यात, असा माझा विचार होता. दोन-तीन पाने लिहूनही झाली होती. परंतु गेल्या वर्षभरात जे माजी विद्यार्थी भेटले, त्यांतील बहुतेकांनी माझ्या प्रकृतीच्या आधी एकच चौकशी केली : "बाई, निळू कसा आहे?" इतिहासाचे तास विस्मरणात गेले असतील, शिक्षक निवासाच्या व्हरांड्यातून येणाऱ्या त्याच्या आरोळ्या मात्र कोणी विसरलेले दिसत नाही. म्हणून ती पाने बाजूला ठेवली आणि निळूविषयीच लिहावयाचे ठरविले. त्याला एक दुसरेही कारण आहे, ते ओघाने येईलच.

ज्यांनी त्याला पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते. निळू हा निळा-पिवळा मकाव. पाठ आणि पंख निळे, छाती हळदीसारखी पिवळी, कपाळावर हिरवी झाक, आणि गालांवर पांढरी उघडी कातडी, तिच्यावर बारीक काळ्या पिसांच्या रेघा. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत अडीच-पावणेतीन फूट, वजन सुमारे एक किलो. त्याचे मूळ गाव आपल्याकडचे नव्हे. पनामापासून ब्राझील, बोलिव्हियापर्यंतच्या अरण्यांत, वाळलेल्या उंच ताडवृक्षांच्या ढोलीत ही जात घरटी करते. थव्यात उडतानाही जोडी-जोडीने उडते. माणसाच्या घरी नीट सांभाळल्यास पन्नास वर्षे आणि त्याहूनही अधिक जगते. हा शेवटचा तपशील मला फार उशिरा कळला.

२०१७ च्या जून महिन्यात माझा भाचा नोकरीसाठी कॅनडाला निघाला. पाच वर्षांपूर्वी त्याने हे पिल्लू हौसेने विकत घेतले होते. "मावशी, दोनच वर्षे सांभाळ," असे म्हणून एक गोल पिंजरा, सूर्यफुलाच्या बियांचे एक पोते आणि निळू एवढा संसार माझ्या व्हरांड्यात ठेवून तो निघून गेला. त्या दोन वर्षांचे पुढे काय झाले ते वेगळे सांगावयास नको. विमान, नोकरी, व्हिसा या गोष्टी आपल्याला समजतात. निळूच्या लेखी मात्र ज्याच्या खांद्यावर तो पाच वर्षे बसला, तो माणूस एका सकाळी नाहीसा झाला होता.

पोपटाला काय लागते, याविषयी आपल्या सर्वांचे ज्ञान सारखेच असते : पेरू, मिरची आणि भिजलेली डाळ. मिरचीत चूक काही नाही, पक्ष्यांना तिचा तिखटपणा जाणवतच नाही. पण निळूचे मुख्य अन्न सूर्यफुलाच्या बिया आणि शेंगदाणे हेच राहिले, कारण त्याला तेच आवडत असे. वसतिगृहातील मुले येता-जाता चहात बुडवलेले बिस्कीट देत, चिवडा देत. तो पायाने घास धरून इतक्या ऐटीने खात असे की, त्याला खाऊ घालणे हा मधल्या सुट्टीतील एक कार्यक्रमच झाला. मीही कौतुकाने पाहत उभी राहत असे.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृह रिकामे झाले. मीही माहेरी गेले. निळूला वेळेवर दाणा-पाणी देण्याचे रखवालदारांनी कबूल केले होते आणि त्यांनी ते अगदी चोख केले. अठरा दिवसांनी परत आले तेव्हा पिंजऱ्याच्या तळाशी पिवळ्या पिसांचा थर होता. निळूची छाती उघडी पडली होती. करड्या लवेतून खालची गुलाबी कातडी दिसत होती. मला पाहून त्याने एक पीस चोचीत धरले, मुळापासून उपटले आणि खाली टाकले.

पुढचे दोन महिने मी जे केले त्याची आता लाज वाटते. कोणी म्हणाले उवा, कोणी म्हणाले उष्णता, एका पालक भगिनींनी दृष्ट काढावयास सांगितले. दृष्टीवर माझा विश्वास नाही, परंतु कडुनिंबाच्या तेलावर होता, आणि ते मी त्याच्या छातीला चोळले. तेलाने पिसे चिकटतात, पिसांतील हवा निघून जाते आणि पक्ष्याला थंडी वाजते, हे साधे ज्ञान मला नव्हते. डिसेंबरच्या थंडीत तो रात्रभर थरथरत असे. तालुक्याचे पशुवैद्य सज्जन गृहस्थ. त्यांनी प्रांजळपणे सांगितले, "बाई, मी गाई-म्हशींचा डॉक्टर. उगाच औषध देणार नाही. याला पुण्याला न्या."

जानेवारीत रात्रीच्या गाडीने, पिंजऱ्यावर गोधडी टाकून, निळूला पुण्याला नेले. पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या त्या तरुण डॉक्टर बाईंनी त्याच्याकडे आधी नुसते लांबून पाहिले. डोके आणि मान पूर्ण पिसांनी भरलेली आहे, याकडे त्यांनी माझे लक्ष वेधले. चोच जेथे पोहोचत नाही तेथील पिसे शाबूत आहेत, याचा अर्थ तो स्वतःच ती उपटतो. डोक्याची पिसेही गेली असती तर पिसांच्या विषाणूजन्य रोगाची किंवा दुसऱ्या पक्ष्याच्या चोचीची शंका आधी घ्यावी लागली असती. मग त्यांनी प्रश्न विचारावयास सुरुवात केली. काय खातो? किती? झोपतो किती वाजता, उठतो किती वाजता? पिंजरा कशाचा आहे? ऊन मिळते का, की खिडकीच्या काचेतून येते? अंघोळ? दिवसभर काय करतो? पहिले पीस केव्हा गेले, आणि त्या आठवड्यात घरात काय बदलले? एखाद्या कागदपत्राची अंतर्गत व बाह्य चिकित्सा कशी करावी, हे एम.ए.ला आम्हाला शिकविले होते. त्या तासाभरात ते प्रत्यक्ष पाहावयास मिळाले.

रक्त तपासले, क्ष-किरण चित्र काढले. यकृतावर चरबी चढली होती. अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेची लक्षणे तोंडात दिसत होती. आणि रक्तात जस्ताचे प्रमाण वाढले होते. पिंजऱ्याच्या तारांवरील जस्ताचा मुलामा तो रिकामपणी कुरतडत असे, त्याचा हा परिणाम. याशिवाय अपुरी झोप, कोरडी हवा आणि एकटेपणा. "मग नेमके कारण कोणते?" मी विचारले. त्या हसल्या. मलाही माझे हसू आले. पानिपतच्या पराभवाचे एकच कारण सांगा, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला मी तीस वर्षे रागावत आले आहे.

पिसे उपटू नयेत म्हणून गळ्यात कडे घालता येईल का, असेही मी विचारले. त्यावर त्या म्हणाल्या, जखम होत असेल तर काही दिवस घालावे लागते, पण कड्याने चोच थांबते, कारण थांबत नाही, कडे काढले की पक्षी पुन्हा सुरुवात करतो. हे वाक्य ऐकताना मला निळूची नव्हे, दुसऱ्याच कोणाची आठवण झाली.

त्याच वर्षी सहावीत एक मुलगा आला होता. त्याचे नाव लिहीत नाही. आई ऊसतोडीला गेलेली, वडील नव्हते. तो वर्गात बोलत नसे आणि बसल्या-बसल्या डोक्याचे केस एकेक करून उपटत असे. कानाच्या वर रुपयाएवढी जागा उघडी पडली होती. वसतिगृहाच्या देखरेखीचे काम तेव्हा माझ्याकडे होते. मी न्हाव्याला बोलावून त्याचे डोके गुळगुळीत करून घेतले आणि प्रश्न सुटला असे समजले. केस नाहीत तर उपटणार काय? त्यानंतर तो भुवया उपटू लागला होता. हे मी पाहिले होते, पण त्याच्याशी बसून बोलले नव्हते. पुण्याहून परतताना रात्रभर गाडीत मला झोप लागली नाही.

आता आहाराविषयी, कारण हा लेख वाचणाऱ्यांपैकी काहींच्या घरी असे पक्षी आहेत, हे मला ठाऊक आहे. सूर्यफुलाच्या बियांत चरबी भरपूर, परंतु अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. केवळ बियांवर पक्षी जगतो, पण आतून पोखरला जातो. तथापि बिया एकदम बंद करणे धोक्याचे असते. नवे अन्न हे अन्न आहे हेच त्याला उमगत नाही आणि तो उपाशी राहतो. आम्ही सात आठवडे घेतले. पुण्याहून मागविलेल्या संतुलित खाद्याच्या गोळ्या मूठभर बियांत मिसळावयाच्या, दर आठवड्याला बिया थोड्या कमी करावयाच्या आणि रोज सकाळी स्वयंपाकघरातील काट्यावर त्याचे वजन घ्यावयाचे. पहिल्या दिवशी ९८० ग्रॅम भरले. एकदा ९१० वर आले तेव्हा घाबरून पुन्हा बिया वाढविल्या.

गोळ्यांच्या जोडीला लाल भोपळा, गाजर, रताळे, पपई, शेवग्याचा पाला, मेथी, मोड आलेली मूग-मटकी, हुरड्याच्या दिवसांत ज्वारीचे कणीस. राजम्यासारखी कडधान्ये मात्र पूर्ण शिजवूनच. अक्रोड-बदाम बक्षिसादाखल. चिरलेली भाजी आमच्याकडच्या उन्हाळ्यात दोन तासांवर पिंजऱ्यात ठेवू नये, आंबते. ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, फरसाणासारखे खारट पदार्थ, सफरचंदाच्या बिया वर्ज्य. आणि एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते : न चिकटणारा तवा फार तापला तर त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. माझ्या घरी तेव्हापासून बिडाचाच तवा आहे. भाकरीही त्यावरच चांगली होते.

पिंजरा बदलला. झोपेचा प्रश्न अधिक अवघड होता. अभ्यासिकेचे दिवे रात्री दहापर्यंत, आणि पहाटे पाचला घंटा. निळूला दहा-बारा तास अंधार हवा. त्याला मागच्या खोलीत हलविले, खिडकीला जाड पडदा शिवला. सकाळी अंगणात कोवळे ऊन आणि फवाऱ्याने पाणी. पहिल्या दिवशी तो किंचाळला. आता फवारा दिसला की पंख पसरून उलटा लटकतो.

दिवसाचा प्रश्न मुलांनी सोडविला. अरण्यात या पक्ष्याचा बराचसा दिवस अन्न शोधण्यात आणि फोडण्यात जातो. वाटीत आयते अन्न मिळाले की त्या चोचीला उरलेल्या दिवसात काम उरत नाही. म्हणून मुलांनी त्याच्यासाठी काम तयार केले. नारळाच्या करवंट्यांत लपविलेले अक्रोड, बांबूच्या पेरात कोंबलेली मटकी, कडब्याच्या धाटांच्या जुड्या, पिना काढलेल्या जुन्या वह्या. माझ्या घटक चाचणीच्या कितीतरी उत्तरपत्रिका निळूने तपासल्या आहेत.

रोजचे वजन वहीत लिहिण्याचे काम मी त्या सहावीतल्या मुलाकडे सोपविले. सुरुवातीला तो आकडा लिहून निघून जात असे. एके दिवशी त्याने विचारले, "बाई, ह्याचा माणूस परत येणार आहे का?" मी खरे ते सांगितले की, नाही. तो बराच वेळ पिंजऱ्याशी उभा राहिला. मग त्याची आई केव्हा येते, याविषयी प्रथमच आम्ही बोललो. पुढे दर रविवारी मुकादमाच्या फोनवर त्याचे आईशी बोलणे होईल अशी व्यवस्था केली. ही व्यवस्था जूनमध्येच करता आली असती. त्याच्या भुवया आल्या. परीक्षेच्या दिवसांत हात पुन्हा डोक्याकडे जाई, तेव्हा तो स्वतःच उठून करवंट्या फोडावयास येई.

मध्यंतरी नववीच्या एका मुलीने भर वर्गात विचारले होते, "स्वातंत्र्यलढा शिकवता आणि घरी पिंजरा कसा ठेवता?" मी तिला उत्तर दिले की, त्याला सोडले तर तो आठवडाभरही जगणार नाही. उत्तर खरे होते, पण प्रश्न त्याने मिटत नाही. न्यू मेक्सिकोतील पुएब्लो बोनिटो या प्राचीन वसाहतीच्या उत्खननात लाल मकावांचे सांगाडे मिळाले आहेत, त्यांच्या अरण्यापासून हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर. उत्तर मेक्सिकोतील पाकिमे येथे तर त्यांच्या पैदाशीची मातीची खुराडी सापडली. त्या पिसांना तेथे मोठे मोल होते. म्हणजे या पक्ष्याच्या रंगासाठी त्याला कोंडण्याचा इतिहास हजार वर्षांचा आहे. त्यात माझ्या व्हरांड्याचीही नोंद झाली, एवढेच. आपला हिरवा पोपट पाळणे १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे, मग परदेशी पोपटाचे पाळणे शोभेचे कसे, याचे समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही. नवीन पक्षी घेऊ नका, एवढेच मी विचारणाऱ्यांना सांगते.

२०२० मध्ये टाळेबंदीत वसतिगृह ओस पडले तेव्हा निळूने मांड्यांची पिसे पुन्हा उपटली. ती नंतर आली. छातीवरील तळहाताएवढी जागा मात्र कायमची उघडी राहिली, वारंवार उपटल्याने पिसांची मुळेच मेली.

आता ते दुसरे कारण. मी दोन वर्षांत सेवानिवृत्त होईन आणि शिक्षक निवास सोडावे लागेल. निळू तेरा वर्षांचा आहे. माझ्यानंतरही तो तीस-चाळीस वर्षे असणार. तो मुलगा गेल्या वर्षी भेटून गेला. पुण्याजवळ एका कारखान्यात शिकाऊ आहे. निळूने त्याला ओळखले, पण भाड्याची एक खोली आणि शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत, "बाई, मला जमणार नाही," असे त्याने सरळ सांगितले. त्याचे बरोबरच आहे. तेव्हा आपणांपैकी ज्यांच्याकडे शेत, अंगण आणि घरात दिवसभर कोणीतरी माणूस असेल, त्यांनी कळवावे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या नियमांनुसार त्याची नोंदणी झालेली आहे, हस्तांतरणाचीही नोंद करावी लागेल. तो एकदम नेता येणार नाही. निदान वर्षभर दर महिन्याला यावे लागेल, त्याने तुमच्या हातून घास घेईपर्यंत. येण्यास रविवार सोयीचा. वजनाची वही मी दाखवीन. येताना सूर्यफुलाच्या बिया मात्र आणू नयेत.