चिमट्यातला कंप

आजही नाही. पाऊण तास मी पिंकी चिमट्यात धरून पेटीपुढे उकिडवा बसलो होतो. पिल्लू करवंटीखालून दोन बोटं बाहेर आलं, जीभ लपलपवली आणि मागच्या मागे आत गेलं. गुडघ्यावर हात टेकून उठताना स्वयंपाकघरातून विचारणा झालीच, "जेवलं का तुमचं बाळ?"

बाळ म्हणजे मका साप, पक्का अमेरिकन. भाचीचं. जूनमध्ये तिला बंगळूरला नोकरी लागली, तिथला घरमालक कुत्राही ठेवू देत नाही, म्हणून पेटी चिंचपोकळीला आमच्या माळ्याखाली आली. जाताना म्हणाली, "मामा, तुम्हाला मी काय सांगणार?" त्या एका वाक्यावर मी फुगलो. तिनं लिहून आणलेला कागद न वाचताच घडी करून खिशात घातला.

तीस वर्षं मी लालबाग-परळ भागात साप धरले. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या, आवारात गवत माजलं, गोदामांत उंदीर माजले आणि उंदरांमागून धामणी आल्या. रात्री-अपरात्री वॉचमन दारात उभा असायचा. साप धरायचा, पिशवीत घालायचा, वनखात्याच्या हवाली करायचा. १९७२च्या कायद्यामुळे देशी साप घरात पाळता येत नाही, त्यामुळे आमच्या हातातला साप जेवायला कधी थांबलाच नाही. साप उपाशी राहू शकतो हे मला ठाऊक होतं. तो माझ्यासमोर उपाशी राहील, हे नव्हतं.

हे पिल्लू आलं तेव्हा नऊ ग्रॅमचं होतं. सोनाराकडे असतो तसला छोटा काटा मी मुद्दाम आणला. रानात ही पिल्लं आधी पाली, छोटे झाडबेडूक खातात. पिंकी, म्हणजे गुलाबी, बिनकेसाचं उंदराचं पोर, हे त्यांच्या लेखी अन्नच नव्हे. मग पालीचा वास लावायचा. आमच्या चाळीत पालींना तोटा नाही. ट्यूबलाइटमागून पडलेली एक शेपटी मी जंतूंच्या भीतीनं आधी महिनाभर गोठवली, मग पिंकीच्या नाकाला चोळली. पिंकीच्या टाळूला टाचणीनं भोक पाडूनही बघितलं. गरम पाण्यात ऊब आणली. करवंटीचं तोंड लहान केलं. पिंक्या, शेपटी सगळं फ्रीजरमधल्या आइस्क्रीमच्या डब्यातून निघतं, आणि तो डबा बोंबलांशेजारी नको म्हणून घरात झालेली वादावादी वेगळीच.

अडतं ते चिमट्यापाशी. चिमट्यातलं भक्ष्य हळू हलवायचं, थांबायचं, पुन्हा किंचित हलवायचं. माझ्या उजव्या हाताला दोन वर्षांपासून कंप आहे. पिंकी शिलाई मशीनच्या सुईसारखी थडथडते. पिल्लू घाबरतं आणि उलट आपलं शेपूट थरथरवतं. या जातीची ती धमकीच. असे आम्ही दोघं समोरासमोर थरथरत बसतो. ज्या हातानं पाच फुटी धामण शेपटीला धरून वर घेतली, त्याला अडीच ग्रॅमचा तुकडा स्थिर धरवत नाही.

खरं तर उपाय मला जुलैतच सापडला होता. झाकणाच्या छोट्या डबीत, श्वासाला भोकं पाडून, पिल्लू आणि पिंकी एकत्र ठेवायची, वर टॉवेल टाकायचा आणि झोपायला जायचं. सकाळी डबीत पोट फुगलेलं पिल्लू होतं. आनंदाच्या भरात मी ते हातावर घेऊन गॅलरीत फिरलो, मजल्यावरच्या पोरांना दाखवलं. जेवल्यावर दोन दिवस सापाला हात लावू नये हे मी त्याच पोरांना शंभरदा सांगितलंय. संध्याकाळी पिल्लानं सगळं ओकून टाकलं. मग दोन आठवडे उपास, त्यानंतर निम्मी पिंकी. काटा साडेसातवर आला. त्या दिवसांत मी रात्री दोनदा उठून टॉर्चनं त्याचा श्वास बघायचो.

हल्लीच्या सर्पमित्रांवर मी तोंडसुख घेतो. गळ्यात नाग, समोर मोबाइल, खाली लाखभर बघणारे. पण १९८०मध्ये नीलिमकुमार खैरे बहात्तर विषारी सापांबरोबर बहात्तर तास काचेच्या खोलीत राहिले, तेव्हा विशीतल्या आम्हा पोरांना तेच वेड लागलं होतं. मीही गणपतीत धामण खांद्यावर टाकून मंडपासमोरून गेलोय. मोबाइल नव्हता म्हणून पुरावा नाही, एवढंच. आणि पिल्लासाठी आणतो त्या उंदरांचं तरी काय! इथून हाकेच्या अंतरावर, परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९मध्ये हाफकिननी प्लेगची प्रयोगशाळा नेली. तेव्हा या भागात मेलेला उंदीर दिसला की माणसं घर सोडून पळायची. मी तेच उंदीर गोठवलेले, मोजून, पैसे देऊन आणतो.

ऑगस्टमध्ये इथल्या चिंतामणी गणपतीचं आगमन झालं. १९२०पासूनचं मंडळ, त्या दिवशी चिंचपोकळीच्या पुलावर मुंगीलाही वाट मिळत नाही. लोकलच्या धडधडीची पिल्लाला सवय झालेली, दर चार मिनिटांनी तीच धडधड. ढोलताशा निराळा. सापाला जमिनीतली हालचाल जबड्यातून कळते; ढोलाचा पहिला ठोका पडताच ते ओल्या शेवाळात घुसलं आणि चार दिवस वर आलं नाही. नंतर कळलं, डोळेही दुधाळ झाले होते. कात टाकायची होती, म्हणजे तसंही जेवणार नव्हतंच. मी उगाच ढोलांना शिव्या दिल्या.

कात अखंड निघाली. ती वहीत दाबून ठेवली आहे. आता दर सहा दिवसांनी डबीत ते जेवतं. काटा चौदावर गेलाय. तरी दर वेळी मी आधी चिमटा घेऊन बसतोच. पाऊण तास. त्याला उगाच त्रास होतो हे मला कळतं. पण टॉवेलखाली अंधारात, मी घोरत असताना, ते कसं झडप घालतं, कसे वेढे मारतं, हे मी एकदाही पाहिलेलं नाही.

भाचीला मी सप्टेंबरमध्ये फोनवर सांगून टाकलं, "चिमट्यानं घेतं बरं का, झेप घेऊन." ती इतकी खूश झाली की मला खरं सांगवेना. व्हिडिओ मागते. मी कधी फोनला जागा नाही म्हणतो, कधी हात मोकळा नाही. दिवाळीला ती येणार आहे, आणि म्हणे मैत्रिणींना दाखवायचंय.

काल रात्री सगळे झोपल्यावर मी दिव्याखाली बसलो होतो. डाव्या हातात चिमटा, चिमट्यात भिजवलेला हरभरा. डावा हात कमी कापतो. हरभरा तीनदा निसटून माळ्याच्या जिन्याखाली गेला. चौथ्यांदा ही उठून आली, काही बोलली नाही, वाटीत आणखी हरभरे टाकून गेली.