पुढची चाकं सुटी की जोडलेली?



घरात गाडी घ्यायची ठरली की आपल्याला एकच गोष्ट विचारली जाते, रंग कोणता हवा. या वेळी मी सांगितलं, रंगाचं तुम्ही बघा, मला चाकांचं समजावून सांगा. कारण ही गाडी हौसेसाठी येणार नव्हती.

आमचं शेत नरडाण्यापासून तापीच्या अंगाला आहे. डांबरी सडक सोडली की साडेतीन किलोमीटर गाडवाट. काळी कपाशीची जमीन, मध्ये एक नाला. सालदाराचं कुटुंब शेतातल्या खोलीत राहतं. गेल्या श्रावणात त्याच्या बायकोला पहाटे कळा सुरू झाल्या आणि रात्रभराच्या पावसानं वाट गेलेली. रुग्णवाहिका डांबरीवर येऊन थांबली, पण आत येणं शक्य नव्हतं. आमची छोटी गाडी तर पहिल्याच वळणावर पोटावर टेकली. शेवटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून, वर ताडपत्री धरून तिला बाहेर आणलं. साडेतीन किलोमीटरला सव्वा तास लागला. पुढे धुळं पाऊण तासात आलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, पण तो सव्वा तास मी ट्रॉलीत तिच्या उशाशी बसून काढला आहे. प्रत्येक खड्ड्याला तिनं माझं मनगट आवळलं.

म्हणून चारही चाकांना जोर मिळणारी, फोर बाय फोर गाडी घ्यायची हे लगेच ठरलं. वाद झाला तो पुढच्या चाकांवरून. आमचे हे म्हणत, पुढचं सस्पेन्शन इंडिपेंडंट असलेली गाडी घेऊ, पाठीला आराम. धाकटा मुलगा म्हणे, पुढे-मागे सॉलिड ॲक्सल हवा, नाहीतर नाला ओलांडताना चाक हवेत राहील. मी बी.कॉम. झालेली बाई. दोन्ही बाजू कळल्याशिवाय खतावणी लिहायची नाही ही सवय. गॅरेजच्या मिस्त्रींनी गाडी वर उचलून दाखवली, तेव्हा सगळं नीट उमगलं. तेच तुम्हाला सांगते.

सॉलिड ॲक्सल म्हणजे दोन चाकांना जोडणारा एकच भक्कम लोखंडी दांडा. बैलगाडीचा आख डोळ्यांसमोर आणा. आपल्या दुकानांत पूर्वी दांडीचा तराजू असे, तसंच याचं वागणं. एक पारडं वर गेलं की दुसरं खाली जातं. डावं चाक दगडावर चढलं की उजवं आपोआप खाली दाबलं जातं, जमीन सोडत नाही. शिवाय गाडीत माणसं बसली, पोती भरली, तरी दांडा जमिनीपासून तेवढाच उंच राहतो, कारण तो थेट चाकांवर असतो. सांधे कमी, मोडतोड कमी. तोटा असा की एका चाकाचा धक्का दुसऱ्यालाही पोचतो. वेगात असताना खड्डा आला की स्टिअरिंग हातात थरथरतं, आणि खडबडीत वाटेवर अंग डावीकडे-उजवीकडे हेलकावतं.

इंडिपेंडंट सस्पेन्शनमध्ये प्रत्येक चाक आपापल्या आडव्या हातांवर सुटं बसवलेलं असतं. आपले दोन गुडघे जसे वेगवेगळे वाकतात तसं. डावं चाक खड्ड्यात गेलं तरी उजव्याला पत्ता नसतो. म्हणून आग्रा रोडवर गाडी स्थिर, बसणाऱ्याला सुख. पण गुडघा वाकायलाही मर्यादा असते. नाल्याच्या तिरप्या चढावर एक चाक खूप वर गेलं तर दुसरं तेवढं खाली पोचत नाही. ते अधांतरी राहतं आणि नुसतं गरगर फिरतं. गाडी भरली किंवा खोलगट जागी जोरात दबली की पोटही खाली येतं. चाकाला जोर पोचवणाऱ्या सांध्यांवर रबराची टोपणं असतात. काट्याकुपाट्यानं ती फाटली आणि आत चिखल गेला की सांधा गेला समजा.

मग एवढ्या मोठ्या कंपन्यांनी एकच काय ते का नाही ठरवलं? मलाही तोच प्रश्न पडला. मुलाने जुना इतिहास सांगितला. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप सॉलिड ॲक्सल आणि पाट्यांची. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत तीच जोडायला सुरुवात केली. आपल्या खानदेशात वडाप करणारी कमांडर आठवते ना? पुढे पाटे, मागे पाटे, आत पंधरा माणसं आणि टपावर बोचकी. मारुतीची जिप्सी १९८५ साली आली, तीही तशीच. पुढे रस्ते सुधारले, वेग वाढला, माणसांना आराम हवासा झाला. बोलेरोला पुढची चाकं सुटी आणि मागे दांडा-पाटे. २०२० ची थार पुढे सुटी, मागे दांडा, मात्र पाट्यांच्या जागी स्प्रिंगा. परदेशातही तेच. मर्सिडीजच्या जी-क्लासनं २०१८ मध्ये पुढचा दांडा सोडला. नव्या डिफेंडरनं तर पुढचा-मागचा दोन्ही सोडले. रँगलरनं मात्र दोन्ही ठेवले. आपल्याकडे २०२३ मध्ये आलेल्या जिम्नीलाही पुढे-मागे दांडाच. म्हणजे यात जुनं आणि नवं असा वाद नाही. कोण कुठे जास्त फिरणार, याचा हिशेब आहे.

मी वहीत तो हिशेब मांडला. धुळे, शिरपूर, दोंडाईचा, लग्नकार्य, दवाखाना या सगळ्याला आमची छोटी गाडी आहे आणि ती ठेवायचीच आहे. नवी गाडी शेताची. वर्षातले आठ महिने सुक्या वाटेनं, चार महिने चिखलातून. मुलाची मित्रांबरोबर सातपुड्यात जायची हौस वर्षातून दोन-तीन वेळा. आणि एक रकाना असा, ज्यात दिवसांचा आकडा लिहिता येत नाही. तो गेल्या श्रावणातल्या सकाळचा. विम्याचा हप्ता भरतो तेव्हा आपण आजारपणाचे दिवस मोजत नाही. या रकान्याचंही तसंच.

चौथी गोष्ट मी विचारली ती कुणाच्याच डोक्यात नव्हती. त्या दिवशी गाडी चालवणार कोण? गेल्या श्रावणात त्या पहाटे हे आणि मुलगा दोघेही परगावी होते. घरी मी आणि सूनबाई. ट्रॅक्टर शेजारच्या काकांनी काढला म्हणून निभावलं. मी चालवत नाही, सूनबाई चालवते. म्हणजे निवड तिच्या हाताला झेपेल अशी हवी.

नात्यात दोन्ही गाड्या होत्या. भाच्याची थार आणि चुलत दिरांची जिम्नी. भाद्रपदात, पाऊस दोन दिवस उघडल्यावर, दोन्ही आमच्याच वाटेवर नेल्या. एरवी ओल्या जमिनीत विनाकारण चाकं फिरवणं मला पटत नाही. मातीत किती जीव असतात ते आपल्याला माहीत आहे. म्हणून प्रत्येक गाडीनं एकच फेरी, तीही चाकोरीतूनच.

आधी थार. डांबरीवरून वळेपर्यंत यांचा चेहरा खुलला होता. बसायला उंच, दणकट, धक्के जिरवणारी. चिखलातही लो गिअर टाकून सरळ निघाली. नाल्याच्या तिरप्या चढावर पुढचं उजवं चाक उचललं गेलं आणि रिकामं फिरू लागलं. गाडीतली यंत्रणा त्या फिरत्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसरीकडे देते, काही मॉडेलांत मागे लॉकही असतं. ॲक्सिलरेटर एकसारखा धरला तर गाडी निघते, आणि भाच्यानं ती काढलीही. पण सूनबाईनं चाक उचललेलं पाहून घाबरून पाय काढला आणि गाडी मागे सरकली. सवयीनं जमलं असतं, यात शंका नाही. दुसरी अडचण रुंदीची. थार १८२० मिलिमीटर, जिम्नी १६४५. सात इंच म्हणजे काही नाही असं वाटतं. पण दोन्ही बाजूंना बाभळी असलेल्या गाडवाटेवर ते सात इंच काचेला खरडत जातात.

मग जिम्नी. वजन साधारण बाराशे किलो, थारपेक्षा बरीच हलकी. काळ्या मातीत हलकं असणं हा मोठा गुण आहे, रुतते कमी. आत मात्र आम्ही सगळे सुपातल्या दाण्यांसारखे हलत होतो. यांनी वरची मूठ धरून ठेवली होती. नाल्यावर पुढचा दांडा तिरपा झाला, चारही चाकं जमिनीवर राहिली आणि सूनबाईनं न थांबता गाडी वर काढली. ती खाली उतरली तेव्हा तिचे हात थरथरत नव्हते. मी तेवढंच पाहिलं.

सॉलिड ॲक्सलची उणी बाजूही तिथेच दिसली. दांड्यावर डिफरन्शियलचा फुगीर गोळा असतो, तो खालीच राहतो. ट्रॅक्टरच्या चाकांनी चाकोऱ्या खोल पडल्या आणि मधला उंचवटा वाढला, की गोळा त्यात नांगरासारखा घासतो. थारचा पुढचा गोळा वर बांधलेला असल्यानं तिथे ती सहज गेली. मिस्त्री म्हणाले, एक चाक उंचवट्यावर ठेवून चालवायचं. आम्ही नाल्याच्या दोन्ही तोंडांना मुरूमही टाकून घेतला. मातोश्री शेत-पाणंद रस्ते योजनेसाठी शेजारच्या शेतकऱ्यांसह अर्जही केला आहे. चांगल्या वाटेइतकी कोणतीच गाडी चांगली नाही.

घरी येऊन बोलणं झालं. यांच्या कमरेतली मणक्याची गादी सरकलेली आहे, तेव्हा त्यांचं म्हणणं बाजूला टाकण्यासारखं नव्हतंच. पण तेच म्हणाले, "माझी पाठ दुखली तर मी गाडी थांबवून उतरेन. कळा आलेल्या बाईला थांबता येत नाही." जिम्नी ठरली. मुलाच्या मनासारखं झालं, पण त्याच्या कारणासाठी नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं.

तुमच्या घरी असा विषय निघाला तर माझा सल्ला इतकाच. घरात एकच गाडी राहणार असेल, रोज हायवे, आई-वडील मागे बसणारे, आणि शेत कधीमधी, तर पुढची चाकं सुटी असलेलीच घ्या. रोजचं सुख वर्षभर मिळतं आणि लो गिअर, चांगले टायर असले की बहुतेक चिखल निघतो. दुसरी गाडी घरात असेल आणि ही खास वाईट वाटेसाठी असेल, तर दांड्याची घ्या. तीन दारांची गाडी असेल तर साडी नेसून मागच्या सीटवर चढून बघा, मग होकार द्या. आणि दोन्ही गाड्या आपल्याच वाटेवर, चालवणार असेल तिच्याच हाती देऊन पाहा. शोरूमच्या फरशीवर चारही चाकं सारखीच टेकलेली असतात.

गाडी दिवाळीआधी येईल. तोवर सूनबाई दर रविवारी दिरांची गाडी मागून नाल्यावर सराव करते आहे. सालदाराची बायको लेकराला कडेवर घेऊन बांधावर उभी राहून पाहते, आणि अहिराणीत तिला जोरजोरात सूचनाही देते.

रंग पांढराच घेतला आहे. उन्हाळ्यात कमी तापतो म्हणून.