आदल्या दिवसाचा निर्वाळा

न्यू जर्सीला लेकीकडे जायचं ठरलं, तेव्हा लस घेतलेल्यांना तीन दिवसांच्या आतली कोरोना चाचणी चालत होती. मग ओमायक्रॉन आला आणि ६ डिसेंबर २०२१ पासून अमेरिकेला ती उड्डाणाच्या आदल्या दिवसाचीच हवी झाली. परतताना आपला नियम निराळा होता: ७२ तासांच्या आतली आरटीपीसीआर. तिकडे दिवस मोजायचे, इकडे तास. त्यातून माझं विमान मध्यरात्रीनंतरचं. घड्याळ पुढे सरकलं की तारीख बदलणार, म्हणजे चाचणी, अहवाल आणि निघणं, सगळं एकाच दिवसात.

सकाळी नाकात काडी गेली, डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग दिवसभर मी स्वतःच्याच घशावर पाळत ठेवून होते. ठसका लागला की नवरा पेपरातून वर बघायचा. बोलायचा काहीच नाही. संध्याकाळी अहवाल आला. आधी पासपोर्टचा क्रमांक ताडून पाहिला, मग निकाल. जीव भांड्यात पडला.

पण त्या कागदानं सांगितलं काय? सकाळी घेतलेल्या नमुन्यात विषाणू सापडला नाही, एवढंच. नंतर टॅक्सीत, रांगेत कोण शेजारी असेल, हे त्याला कुठून कळणार? मला खात्री हवी होती की खात्रीचा शिक्का, हे अजूनही नीटसं ठरत नाही.

अमेरिकेनं १२ जून २०२२ला चाचणीची ही अट काढली. परदेशातून येताना भरायचा आपला ‘एअर सुविधा’ अर्जही त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला बंद झाला.