भयाला उत्तर

रस्त्यावरून घरी आणलेली कुत्री पहिले चार दिवस पलंगाखालून बाहेर आली नाही. पाचव्या दिवशी घरात कोणी नसताना तिने आजोबांची चप्पल आणि दाराची चौकट कुरतडली. "हिला परत सोडून या," असे घरात बोलले गेले. आजोबांनीही काठी उचलली. परंतु तिची थरथर पाहताच ती खाली ठेवली.

दात येताना पिले कुरतडतातच. 6-7 महिन्यांपर्यंत त्यांना 42 पक्के दात येतात. ही मात्र वयात आलेली होती. एकटेपणाचे भय ती दातांवाटे शमवीत होती आणि शिक्षेने ते भय वाढलेच असते. मग चपला कपाटात गेल्या. शांत कोपऱ्यात जुने पांघरूण व टणक रबरी खेळणे आले. तिच्या तोंडात नको ती वस्तू दिसली, की कोणी ओरडत नसे; खेळणे पुढे केले जाई. प्रथम दोन मिनिटे, मग दहा, अशी एकटे राहण्याची सवय तिला लावली गेली.

दोन महिन्यांनी चपला पुन्हा दाराशी आल्या. आजोबांनी आपली कुरतडलेली चप्पल मात्र टाकली नाही. मुक्या जीवाने भीती सांगितली होती, ती त्याच अक्षरांत.