थांब्याचा खुलासा

माझे मामा नाशिक-मुंबई मार्गावर ट्रक चालवत. कसारा घाट उतरल्यावर ते चहाला थांबत, त्याची नोंद कोठेही नसे. घरी परतून ते जे सांगत, तेवढाच त्या प्रवासाचा पुरावा. त्यात अतिशयोक्ती पुष्कळ असे. पण घाटही असे.

आता मामेभाऊ त्याच मार्गावर असतो. फेब्रुवारी २०२१पासून राष्ट्रीय महामार्गांवरील टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. काचेवरच्या त्या पट्टीत बॅटरीदेखील नसते. नाक्यावरील यंत्राच्या रेडिओलहरींनी ती जागी होते आणि गाडीची ओळख सांगते. जीपीएस यंत्र त्याहून बोलके. उपग्रहांच्या संकेतांवरून ते आपली जागा ठरवते आणि मोबाइलच्या जाळ्यातून मालकाच्या पडद्यावर धाडते. गाडी जरा रेंगाळली की फोन येतो, "का थांबलास?"

रात्री घाटात बंद पडलेली गाडी या यंत्रामुळे लगेच सापडते, हा उपकार लहान नव्हे. परंतु त्याला 'कुठे' आणि 'किती वेळ' एवढेच ठाऊक असते. 'का' उरतो चालकासाठी, आणि तोही खुलासा म्हणून. मामा निवेदक होते. त्यांच्या मुलाला जबानी द्यावी लागते. डोळ्यांवर झोप आली होती, हे तो सांगत नाही. "टायर बघत होतो," म्हणतो.