निम्मं पुस्तक धारवाडला

पुन्हा पुन्हा वाचावीत अशी पुस्तकं कोणती, असा प्रश्न निघाला की आम्हा निवृत्त मंडळींच्या याद्या तयार असतात. आमच्या बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. अशा गावात नुसतं वर्तमानपत्र चाळायला येणारा माणूसही पुस्तकांवर ठाम मत देतो. यादी मलाही करता येते. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) मी उन्हाळा लागला की काढतो. धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला गेलेला तो कोवळा मास्तर आणि दुष्काळाने उठून गेलेली ती वाडी, यांतलं सगळं पाठ असूनही वाडी ओस पडते तिथे घसा कोरडा होतोच. पु. लं.चं 'गणगोत' (१९६६) त्यातल्या रावसाहेबांसाठी. मराठीत कानडी हेल मिसळून बोलणारा तो बेळगावचा माणूस आमच्याइतका दुसऱ्या कुणाला कळला असेल असं मला वाटत नाही. आणि जी. ए. गेल्यानंतर आलेलं 'माणसे : अरभाट आणि चिल्लर', कारण त्यातला काळोखही आपल्याच गल्लीतला वाटतो.

ही पुस्तकं मी आवड म्हणून पुन्हा वाचतो. एक पुस्तक मात्र मला पुन्हा वाचावं लागलं. ते म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'.

आमच्या घरी त्याची एक जुनी प्रत होती, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली. ती आईची. आई मराठी चौथीपर्यंत शिकलेली. दुपारी मागचं आवरून झालं, की ती माजघराच्या उंबऱ्याशी बसायची आणि ओळीखाली बोट धरून अर्धवट आवाजात वाचायची. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा. त्यांना लिहिता-वाचता यायला लागलं ते लग्नानंतर, नवऱ्याच्या हाताखाली. आईला याचं फार अप्रूप. "माझ्यासारखीच शिकलीय बघ," असं ती म्हणायची, जणू काही त्या बाई शेजारच्या वाड्यात राहत होत्या.

मी ते पहिल्यांदा वाचलं १९६६ साली, बाराव्या वर्षी. वाचलं म्हणजे हसलो. सोवळ्याच्या वेडापायी बाजारातून आणलेले जिन्नसही धुऊन घेणारे लक्ष्मीबाईंचे वडील, हातात पैसा न टिकणारे, लहर लागली की उठून कुठेतरी चालू लागणारे टिळक. आमच्या घरीही सोवळं कडक होतं. बाबांच्या पाण्याच्या घागरीला आम्हा मुलांचा हात लागलेला चालत नसे. त्यामुळे माझं आणि माझ्याहून पाच वर्षांनी मोठ्या अक्काचं हसू अधिकच उतू जायचं. आम्ही ती पानं स्वयंपाकघराच्या मागे बसून वाचायचो, बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून.

१९७५ साली अक्काने धारवाडला आपल्या मनाने लग्न केलं. मुलगा कन्नड बोलणारा, वेगळ्या जातीतला, तिच्याच कचेरीतला. बाबांनी आरडाओरडा केला नाही. तिचं नाव घरात घ्यायचं नाही, एवढंच सांगितलं. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. मला ते पटलं होतं असं नाही, पण मी गप्प बसलो, आणि गप्प बसणं म्हणजे बाबांच्या बाजूला बसणं, हे कळण्याइतका मी मोठा होतो.

दोन वर्षं गेली. १९७७च्या दसऱ्यानंतर एका सकाळी आई म्हणाली, "मला स्टँडवर सोड. मी धारवाडला जाऊन येते." पिशवीत कुंद्याचा पुडा होता, एक साडी होती, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. मी तिला स्टँडवर नेलं, बसमध्ये खिडकीजवळ जागा धरून दिली आणि खाली उतरलो. बस कित्तूरच्या वाटेला लागली. त्या बसमध्ये मलाही बसता आलं असतं.

संध्याकाळी आई परत आली. हातपाय धुऊन स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच बाबांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आज मी तिच्या घरी जेवून आले." बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि ते देवघरात गेले. पुढचे आठ दिवस त्यांनी स्वतःचा भात वेगळ्या शेगडीवर स्वतः शिजवून घेतला. नवव्या दिवशी काही न बोलता आईने वाढलेल्या पानावर येऊन बसले. त्यावर घरात कुणी चकार शब्द काढला नाही.

त्या वर्तमानपत्रात काय होतं ते मला उशिरा कळलं. 'स्मृतिचित्रे'ची बांधणी कधीची सुटली होती आणि पुस्तकाचे सरळ दोन भाग झाले होते. मागचा भाग आईने अक्काला दिला होता. "निम्मं तिला दिलं," आई म्हणाली. "तिचीही दुपार जायला नको काय?"

१९७९ साली माझं लग्न झालं. पत्नीला वाचनाची आवड. तिने आईचं ते पुढचं निम्मं पुस्तक दोन दिवसांत संपवलं आणि विचारलं, "ह्याच्या पुढचं कुठंय?"

मी म्हटलं, "धारवाडला."

"कुणाकडे?"

लग्न ठरवताना आम्ही मुलीकडच्यांना मुलाला बहीण नाही असं सांगितलं नव्हतं. पण आहे, असंही सांगितलं नव्हतं. त्या रात्री सगळं सांगून झाल्यावर ती बराच वेळ बोलली नाही. मग झोपायला निघून गेली. मी कंदील जवळ ओढून ते निम्मं पुस्तक उघडलं.

ते दुसरं वाचन. टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी ख्रिस्ती झाले. लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई मागे राहिल्या. बाराव्या वर्षी ही पानं मी घाईने उलटली होती, कारण त्यांत हसण्यासारखं कमी होतं. आता मला दिसल्या त्या भिकूताई, लक्ष्मीबाईंची थोरली बहीण. सगळा समाज कुजबुजत असताना पंढरपूरला बहिणीला सांभाळणारी. धर्म, जात, लोक, सगळ्याचं भय तिलाही असणारच. पण आधी बहीण, मग बाकीचं. आमच्या प्रतीतला पुढचा भाग तिथेच कुठेतरी तुटला होता. शेवटच्या पानावर एक वाक्य अर्धंच राहिलं होतं.

तरीही धारवाडला जायला मला आणखी एक वर्ष लागलं.

१९८०च्या पावसाळ्यातल्या एका रविवारी मी अक्काच्या दारात उभा राहिलो. वाटभर बरंच काही जुळवून ठेवलं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच : "पुस्तकाचं निम्मं राहिलंय. ते न्यायला आलो."

अक्काने माझ्याकडे पाहिलं. "पुस्तक न्यायला आलास होय? नेता यायचं नाही. बस, इथंच वाच."

दाजींनी तांब्याभांडं आणून पुढे ठेवलं आणि ते कन्नडात काहीतरी म्हणत आत गेले. मी पाणी प्यालो. अक्का ते बघत होती. मग तिने फळीवरून पुस्तक काढून दिलं. जेवणात ज्वारीची भाकरी आणि भरली वांगी होती. संध्याकाळपर्यंत माझी चाळीसेक पानं झाली. "उरलेलं?" मी विचारलं. ती म्हणाली, "पुढच्या रविवारी." असे सहा रविवार लागले.

त्या भागात लक्ष्मीबाई नवऱ्याजवळ राहायला जातात, पण आपली चूल आणि पाणी वेगळं ठेवतात. प्रेम आहे, विटाळही आहे. मग एकदा त्यांना प्रश्न पडतो, की ही जात देवाने केली की माणसाने? त्या स्वतःशीच वाद घालतात, हरतात, आणि कुणाच्याही हातचं खायचं ठरवतात. हे सगळं त्या ख्रिस्ती होण्याआधीचं. कुणी उपदेश केला म्हणून नव्हे. आणि हे सांगताना त्या आपला आधीचा वेडेपणा झाकत नाहीत, त्याची थट्टा करतात. पुढे टिळक १९१९ साली गेले. लक्ष्मीबाईंनी त्यांचं अपुरं 'ख्रिस्तायन' पुरं केलं, मुलाबरोबर कराचीपर्यंत गेल्या, आणि १९३६ साली, हे पुस्तक पुरं छापून होण्याआधीच, वारल्या. पण मला तो एक प्रश्न पुरला. बाराव्या वर्षी मी ज्याला हसलो होतो ते सोवळं दुसऱ्याच्या घरचं होतं. सव्विसाव्या वर्षी ते माझंच निघालं, आणि माझ्या सोवळ्याला घागरसुद्धा लागत नव्हती.

मी रविवारी कुठे जातो हे बाबांना माहीत होतं. त्यांनी कधी विचारलं नाही. एकदा मी चपला घालत होतो तेव्हा आतून म्हणाले, "पाऊस आहे. छत्री ने." बस्स, एवढंच. १९८४ साली ते गेले. अक्का आमच्या घरात पुन्हा आली ती त्यानंतर. मी पाच वर्षं गप्प बसलो नसतो तर ती आधी आली असती का, हा हिशेब माझ्याकडे अजून अपुराच आहे.

आता आई नाही. मी पुस्तकाची नवी, अखंड प्रत घेतली आहे. ती कपाटात असते. जुने दोन भाग मात्र अजून दोन गावांतच आहेत. बांधून एक करावेत असं एकदा मनात आलं होतं, पण अक्का म्हणाली, "मग तू कशाला येशील?"

हल्ली अक्काच्या डोळ्यांना वाचन झेपत नाही. मी गेलो की वाचून दाखवतो. दाजी खुर्ची ओढून बसतात आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ विचारतात. त्यांची नात कन्नड शाळेत जाते. तिचं मराठी फक्त कानाचं. गेल्या महिन्यात वेगळ्या चुलीचं पान आलं तेव्हा तिने मध्येच विचारलं, "अज्जा, एकाच घरात असून ती वेगळं का शिजवते?"

मी अक्काकडे पाहिलं. अक्काने माझ्याकडे.

"भीती वाटायची तिला," मी म्हणालो.

"कुणाची?"

"ते येईल पुढे," अक्का म्हणाली. "तू वाच रे."